इंजिनाखालचा थर

सोमवार, ३ फेब्रुवारी

दुधाखालचा गॅस बारीक केला आणि मटकी उपसून फडक्यात बांधत होते, तेवढ्यात हे खालून वर आले. त्याआधी केर काढून झाला होता, देव पुसून झाले होते, ताटं कोरडी करून स्टँडवर लावली होती. पाच. सहावी खाच रिकामी. ह्यांचे हात मनगटापर्यंत काळे. म्हणाले, "अगं, ते गाडीखालचं तुला एकदा सांगायचंय." मी म्हटलं, "आधी हात धुऊन या. पोह्यांना ऑइलचा वास लागतो." हात धुऊन आले, आपल्या प्लास्टिकच्या ताटलीत पोहे खाल्ले, ताटली आपली आपण घासून पालथी घातली. मी मटकी टांगली. अकरा वाजता पंख्याखाली खुर्चीत बसले आणि तिथून उठलेच नाहीत.

पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्या सकाळी वेगळं काही घडलं नव्हतं, म्हणून सगळी आठवते.

आज आठवायचं कारण, सोसायटीचं पत्र. 'फ्लॅट सातच्या बंद गाडीखाली ऑइल सांडून फरशी खराब झाली असून दुर्गंधी येत आहे. पंधरा दिवसांत बंदोबस्त करावा.' दुर्गंधी या शब्दाखाली लाल रेघ मारली आहे. मला शब्द कळत नाही असं सेक्रेटरींना वाटत असावं.

सलिलला फोन केला. तो हिंजवडीला असतो, ऑफिसच्या जवळ. म्हणाला, "आई, पंधरा वर्षं झालीयेत गाडीला. स्क्रॅपला दे. एक फोन केला की घेऊन जातात."

मी म्हटलं, "एक फोन केला की घेऊन जातात, हे तुझ्या बाबांच्या वेळीही ऐकलंय मी."

तो मीटिंग आहे म्हणाला. माझ्याशी बोलताना त्याला नेहमी मीटिंग असते.

गाडी द्यायची तर देईन. पण स्वच्छ करून. घाण वस्तू मी घराबाहेर काढत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी खाली गेले आणि गुडघे टेकून गाडीखाली बॅटरी मारली. शी! इंजिनाच्या पोटाला काळा राप बसलाय, काकवी सांडून वर्षभर पुसू नये तसा. त्यात पाचोळा, पिसं, कुणाचे तरी केस. एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता. वास तीन प्रकारचा. एक जळक्या तेलाचा, एक ओल्या कुत्र्याचा. तिसरा गोडसर होता. घाण गोड वास मारायला लागली की समजावं, काहीतरी मेलंय.

हे रोज सकाळी तासभर खाली असायचे. काचा लख्ख, चाकं लख्ख, बॉनेट उघडून उंदीर येऊ नयेत म्हणून तंबाखूची पानं सुद्धा ठेवायचे. आणि खाली हे असं. पाहुण्यांच्या खोलीत चादर बदलायची आणि पलंगाखाली केर लोटायचा, तशातला प्रकार.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची नवी भाडेकरू आली. संस्कृती नाव. दोन महिन्यांचं बाळ खांद्यावर, डोळ्यांखाली काळं.

"काकू, बिझी आहात का?"

"नाही. बाळाची मान धर आधी."

"काकू, चंपामावशी माहितीये ना? माझी मैत्रीण बिबवेवाडीला राहते, तिच्या बाळाचं सगळं त्या करायच्या. मालिश, आंघोळ, एकदम एक्स्पर्ट. मला त्याच हव्यात. पण गेटवर त्यांना ब्लॉक केलंय, तुमचं ऑब्जेक्शन आहे म्हणून. तुम्ही ते मागे घेतलंत तर सोळाच्या मीटिंगमध्ये क्लिअर होईल. प्लीज! त्यांना पण कामाची खूप गरज आहे."

"चोर आहे ती," मी म्हटलं.

"काय चोरलं त्यांनी?"

"ताट."

"एक ताट?"

हसू दाबत होती का कोण जाणे. तिला काय सांगणार! त्र्याऐंशी साली माझ्या लग्नात आईने वाशीमच्या बाजारातून सहा स्टीलची ताटं घेतली. प्रत्येकावर नाव घालून घेतलं, 'दीपमालास आईकडून'. आईला वाचता येत नव्हतं. भांडेवाला एकदाच वाचून दाखवायला लागला, तर तिने सहाही ताटांवरचं त्याच्याकडून वेगवेगळं वाचून घेतलं. एकावर चुकून दुसऱ्याच कुणाचं नाव असलं तर!

त्यातलं एक अडीच वर्षांपूर्वी गेलं. चंपा अकरा वर्षं माझ्याकडे भांडी घासत होती. तिच्याशिवाय स्वयंपाकघरात कोण येतं? जिन्यात तिला पिशवी उघडायला लावली. पिशवीत नव्हतं, म्हणजे आधीच पोचवलेलं असणार. "बाई, म्या न्हाई घेतलं," एवढंच म्हणत राहिली. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. तिची या इमारतीतली चारही घरं संध्याकाळपर्यंत बंद झाली. मग ती वस्तीतली खोली सोडून बिबवेवाडीला बहिणीकडे गेली म्हणून ऐकलं.

तेव्हापासून मी दुसरी बाई ठेवली नाही. ह्यांनीही तेव्हापासूनच आपली ताटली आपण घासायला सुरुवात केली. स्टीलमध्ये खाल्लं की पित्त होतं म्हणून प्लास्टिकची आणली. रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी चाळा लागतो.

संस्कृतीला म्हटलं, "विचार करते." करायचा नाहीये.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज शिव्या खाल्ल्या. तासभर कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

गॅरेजवाल्या माऊलीला फोन करून ठेवला होता, गळती बघून जा म्हणून. तो यायच्या आत काम उरकावं म्हणून डिकीतला जॅक लावला, गाडी वर घेतली, जॅकखाली दोन विटा दिल्या. बाल्कनीत ह्यांनी जपून ठेवलेलं रॉकेल होतं, ते डब्यात ओतलं. पोतं अंथरून कमरेपर्यंत आत सरकले, तोच तो आला.

"मावशी, उठा तिथनं! उठा म्हन्तो ना!"

"ओरडायला काय झालं?"

"गाडी जॅकवर, जॅक इटांवर, अन् तुमी खाली. काकांच्या फोटोशेजारी दुसरा खिळा मारून ठेवलाय काय?"

बाहेर आले. त्याने जॅकला नुसता पाय लावला तर वीट कर्र वाजली. म्हणाला, "जॅक चाक बदलायला असतो, खाली झोपायला नाय. अन् हे रॉकेल? बंद पार्किंग, वर गॅसच्या पायपा, पल्याड मीटर. एक ठिणगी पडली तर नोटिसा द्यायला सोसायटीच उरायची नाय."

बावन्न-त्रेपन्नचा असेल. त्याच्या बापाची शेती होती तिथे आता आमच्यासारख्यांच्या इमारती आहेत. सगळ्या गिऱ्हाइकांना माऊली म्हणतो, म्हणून त्याचंच नाव माऊली पडलं. मला मात्र मावशी.

मग त्यानेच वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "काका जायच्या आधी दीड-दोन वर्षं आलेच नाय माझ्याकडं. पयले दर दिवाळीला यायचे. मागं रस्त्यात भेटले तर म्हटलं, आना, वर घेऊन बघू खालून. तर म्हनले, खालून काय बघायचं नाय. गाडीला असं जपनारा मानूस, अन् हे!"

"तू धुऊन दे मग."

"पंधरा दिवस नंबर नाय माझ्याकडं. वॉशिंगला द्याल तर तो पान्याचा फवारा मारंल. जुन्या वायरी, पानी शिरंल. अन् ह्या चिखलात गळती कुठनं हाय ते दिसायचं नाय. आधी हातानं साफ व्हायला पायजे."

"मी करते. माझ्या घरची घाण मी आजवर दुसऱ्याकडून काढून घेतली नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाला, आणि रॉकेलचा डबा घेऊन गेला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गाडीच्या कप्प्यात कंपनीचं पुस्तक मिळालं. इंग्रजी. मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर, वाचनालयात आणि शब्दकोश उघडा ठेवून. दोन दिवस ते पुस्तक वाचलं. इंजिनाखाली तेलाचं पातेलं असतं, त्याखाली प्लास्टिकचा गार्ड. त्यात चित्र आहे, पांढरं स्वच्छ. आमच्यात त्यातलं काहीच ओळखू येत नाही.

दुकानातून ग्रीस काढायचं पातळ औषध आणलं, रबरी हातमोजे, वेल्डिंगवाले लावतात तसा बंद चष्मा, लांब दांड्याचा ब्रश, पोतंभर लाकडाचा भुसा. दुकानदार म्हणाला, "कुणासाठी, आजी?" म्हटलं, "लग्नात आहेर द्यायचाय."

सोमवार, १० फेब्रुवारी

माऊलीने दोन लोखंडी चढणी आणल्या. आपली बॅटरी लावून गाडी चालू केली, पुढची चाकं चढणींवर घेतली, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी पाचरी ठोकल्या. मग खांदा लावून गाडी हलवून बघितली. हलली नाही. म्हणाला, "आता झोपा खुशाल. पन आज नाय. इंजिन गार होऊ द्या." बॅटरीची काळी वायर सोडून ठेवली. वायरींची टोकं आणि हवा आत ओढायचं तोंड कुठे ते दाखवून त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधायला लावल्या. गटारात एक थेंब सोडू नका, निघेल ते घमेल्यात धरा, भुशात मुरवा, मी नेऊन काळ्या तेलाच्या पिंपात टाकतो म्हणाला.

संस्कृती जिन्यात भेटली. "विचार केलात का, काकू?" म्हटलं, "केला. चोराला दार उघडणार नाही." बाळ रडत होतं, ती पण रडायच्या बेतात होती. मी तिला ओव्याची पुरचुंडी दिली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ह्यांचा जुना पायजमा-सदरा घातला. अंगावर घालताना वाटलं होतं वास येईल ह्यांचा. नाही आला. कपाटाचा आला.

औषध मारायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, लाकडी उलथन्याने खरवडायचं. मूठमूठ राप निघतो. वरचा थर धुळीचा, खपलीसारखा. खालचा ओला, हाताला ओढ देणारा. हातमोज्यातूनही लागतो, गार, मऊ. जनावर सोलताना असंच लागत असेल. त्यात झुरळाचे पाय निघाले, एक बोट लांब केसांची गुंतवळ निघाली. तीनदा बाहेर येऊन थुंकले. पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर खाली येऊन उभे. "या वयात, वहिनी? जमतंय का?" म्हटलं, "तुम्ही सावलीत उभे राहा, म्हणजे जमेल."

दीड तास केलं. वर येऊन नाक शिंकरलं तर काळं. साबणाने तीनदा हात धुतले, तरी नखांत राहिलंच. दुपारी आमटी वाढून घेतली, तिच्यावर तेलाचा तवंग बघितला आणि ताट तसंच सारून दिलं.

ह्यांना मी हात धुवायला किती वेळा पिटाळलं असेल. मोजलं नाही कधी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजचं लिहायचं की नाही असा विचार करत होते. लिहिते.

काल वरून पातेल्यापर्यंत आले होते, आज गार्ड काढायचा होता. माऊलीने त्याचे बोल्ट सैल करून ठेवले होते. गार्डला मध्ये मोठं भोक होतं आणि ते खालून कसल्याशा पत्र्याने बुजवलेलं. पत्रा चार ठिकाणी तारेने आवळून बांधला होता. पक्कड घेऊन तारा तोडल्या. तीन तुटल्या, चौथी तोडायच्या आत तिच्यावर भार आला, आणि ते सगळं भस्सकन खाली आलं.

खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर पडलं, अर्धं माझ्या बाहीवर. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. आधी काळं तेल, मग भिजलेली घाण. कांद्याची सालं, चॉकलेटचे कागद, ह्यांनीच ठेवलेल्या तंबाखूच्या पानांचा चुरा. तंबाखूचं उंदराने घर केलं होतं. आणि मधोमध तो उंदीर. किती दिवसांचा कोण जाणे. पोट गेलेलं, दात शाबूत. शेपूट तेलात पडलेल्या दोरीसारखी. पत्र्याची कड उभी होती, त्यामुळे तो तिथे वाढून ठेवल्यासारखा दिसत होता.

मी तिथेच ओकले. लपवायचं काय त्यात.

मग उठले, उंदीर जाड कागदात गुंडाळून टाकला, वर भुसा घातला. पत्रा औषधात बुडवून घमेल्यात ठेवला, धुऊन माऊलीला दाखवावा म्हणून. आंघोळ दोनदा केली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पत्रा घासायला घेतला. पार्किंगच्या नळाशेजारी, पाटावर बसून, तारेच्या घासणीने. कडेने स्टील दिसायला लागलं. गोल आहे, कड वळलेली आहे, म्हणजे कसलं तरी झाकण असावं असं वाटलं. मध्ये घासलं तर ठिपके दिसले. 'मा'. मला वाटलं कंपनीचं नाव. आणखी घासलं. 'ला'. मग 'स'.

तिथे हात थांबला. बराच वेळ नळ तसाच चालू होता, वॉचमनने येऊन बंद केला.

मग सगळं घासलं. दीपमालास आईकडून.

खरं लिहिते, कारण ही वही दुसरं कुणी वाचत नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चंपाने ते गाडीखाली लपवून ठेवलं असणार. एवढी मी आहे.

दुसरा विचार यायला ताट उलटं करावं लागलं. कडेला चार भोकं पाडली होती, एकमेकांपासून मोजून सारख्या अंतरावर. प्रत्येक भोकाची कड कानशीने घासून गुळगुळीत केलेली. तार कापली जाऊ नये म्हणून. चाळीस वर्षं कंपनीच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाचं काम होतं ते. चंपाकडे कानस कुठली!

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बावीस सालची वही काढली. मी रोजचं लिहिते, पण लिहिलेलं परत कधी वाचत नाही. तारीख सापडायला वेळ लागला नाही.

'१८ ऑगस्ट, गुरुवार. मंडईतून आले तर ताटं पाच. चंपाने नेलं. पिशवी बघितली, कबूल होत नाही. काढून टाकली. ग्रुपवर टाकलं. हे सकाळपासून खाली गाडीशी. गतिरोधकावर गाडी खालून घासली, गार्डला भोक पडलं, ते बुजवत होते म्हणे. दुपारी हात काळे घेऊन वर आले. चंपाला चोरीवरून काढली म्हटल्यावर पाणी प्यायले, काही बोलले नाहीत. जेवलेही नाहीत. ऊन लागलं असावं.'

ऊन लागलं असावं! ऑगस्ट महिन्यात, पार्किंगमध्ये!

माझ्याच अक्षरात आहे. जगाची रद्दी मी वाचून काढली आणि ही एक वही वाचली नाही.

पाणी प्यायले. हे मला काही केल्या गिळवत नाही. ती बाई जिन्यात पिशवी उलटी करून उभी होती, तिचा डबा, तिची कंगवा-टिकली पायऱ्यांवर पडलेली, आणि हे खाली कानस मारत होते. वर येऊन पाणी प्यायले. मग दीड वर्ष प्लास्टिकच्या ताटलीत जेवले, ती घासून पालथी घातली. माऊलीकडे गाडी नेली नाही, खालून कुणी बघेल म्हणून. तेल गळत राहिलं, उंदीर येत राहिले. एकेचाळीस वर्षं संसार केला आणि एका ताटाचं सांगायला घाबरले.

कुणाला घाबरले, तेही मला ठाऊक आहे. आधी हात धुऊन या.

फोटोला आज फूल घातलं नाही.

सलिलला सांगितलं. तो म्हणाला, "आई, आता बाबांचं नाव कशाला मध्ये? पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. तू फक्त ऑब्जेक्शन मागे घे ना. कारण कोण विचारतंय? चंपामावशीला काम मिळेल. सगळे हॅपी."

शहाणा आहे. बापावर गेलाय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

केलं तसंच. सकाळी सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र दिलं, माझी हरकत नाही म्हणून. कारण लिहिलं नाही.

दुपारी त्यांनी ग्रुपवर टाकलं, 'दीपमालाताईंनी मोठ्या मनाने चंपाला माफ केले आहे.' पुढे जोडलेले हात. सतरा जणांनी फुलं पाठवली. पेन्शनरांनी लिहिलं, 'अशी माणसं आता दुर्मिळ.'

संस्कृती धावत वर आली, बाळासकट माझ्या पाया पडली. "काकू, किती मोठं मन आहे तुमचं! मी चंपामावशींना फोनवर सांगितलं, काकूंनी माफ केलं म्हणून."

"काय म्हणाली ती?"

"काहीच नाही. फोन कट झाला बहुतेक."

माफ केलं म्हणे. घाण माझी, आणि पुसायला फडकं तिच्या इज्जतीचं. ह्यांनी गप्प राहून दीड वर्ष जे केलं ते मी एका सकाळीत केलं, वर फुलं घेतली.

ताट पाचांशेजारी सहाव्या खाचेत ठेवून बघितलं. नीट बसलं. भोकांतून मागची भिंत दिसत होती. काढून पिशवीत घातलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

मीटिंग नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पाण्याच्या टँकरवर अर्धा तास झाला. मग सेक्रेटरी म्हणाले, "आता एक चांगला विषय." मी उठले आणि त्यांच्या टेबलावर ताट ठेवलं.

"हे माझं ताट. आमच्या गाडीखाली निघालं. आमच्या ह्यांनी गार्डला ठिगळ म्हणून लावलं होतं. चंपाने ते घेतलं नव्हतं."

पेन्शनर म्हणाले, "म्हणजे घरातलं घरातच होतं की, वहिनी! मग चोरी कसली?"

"तेच सांगतेय. चोरी कसलीच नव्हती."

"बद्रीनाथरावांना ठाऊक होतं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"होतं. मला सांगायची छाती झाली नाही त्यांची. मला सांगायची कुणाचीच होत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे."

एकजण हसला आणि लगेच खोकला.

सेक्रेटरी पेन फिरवत राहिले. "मिनिट्समध्ये गैरसमज झाला होता असं लिहितो."

"गैरसमज नका लिहू. गैरसमजाने मी तिला जिन्यात पिशवी उलटी करायला लावली नव्हती. लिहा, सात नंबरच्या दीपमालाबाईंनी चंपावर खोटा आळ घेतला. आणि जोडलेल्या हातांचं जिथे टाकलंत, तिथेच हेही टाका."

टाकलं त्यांनी. कुणी फूल पाठवलं नाही.

वर येऊन फोटोसमोर उभी राहिले. नाव घालवलं तुमचं, म्हटलं. माझंही घालवलं. मग देवाजवळचं उरलेलं फूल होतं, ते घातलं.

संध्याकाळी माऊली चढणी न्यायला आला. इंजिनाखाली बॅटरी मारून म्हणाला, "लख्ख की! आता दिसली बघा गळती. एक वायसर हाय फक्त. तेवढंच होतं." सलिलचा फोन आला नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी कामं उरकून बसने बिबवेवाडीला गेले. चंपाच्या बहिणीची खोली शोधायला अर्धा तास लागला. चंपा दाराबाहेर मोरीपाशी भांडी घासत होती. केस पांढरे झालेत. मला बघून उठली नाही.

मी ताट पिशवीतून काढून तिच्यापुढे धरलं. ओल्या हाताने तिने घेतलं, एका भोकात बोट घालून बघितलं.

म्हटलं, "गाडीखाली होतं. साहेबांनी लावलं होतं. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. काल सगळ्यांसमोर सांगून आले."

"म्या उतरत हुते तवा सायेब खाली तार कापत बसले हुते," ती म्हणाली. "जिन्यातलं ऐकून बी मान वर केली न्हाई त्यांनी. तवाच वळाकलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी ऐकलं असतं व्हय?"

तिने ताट उलटं करून बघितलं.

"त्या पोरीच्या बाळाचं करीन मी. लेकराचा काय दोष. तुमच्या मजल्यावर चढनार न्हाई." तिने ताट माझ्याकडे परत दिलं. "हे ठिवा तुमचं. भोकाचं काय करू म्या?"

ती पुन्हा घासायला लागली. मी ताट भिंतीला टेकवलं, पदर खोचला आणि नळाशी बसले. तिने घासली, मी विसळली. मोजली नाहीत.